एकेचाळीस नंबरचा घाणा

१

चार नंबरच्या टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला आणि बारा हजार लिटर पिवळट, फेसाळ पाणी सांडपाण्याच्या हौदाकडे निघालं. तीन आठवड्यांतला हा तिसरा नासलेला घाणा. मी वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या केबिनच्या खिडकीतून बघत होते. ओल्या पावासारखा कुबट वास जिन्यावरून वर येत होता.

बॅचला आमच्याकडे सगळे घाणाच म्हणतात. टाकीत साखरेचं पाणी, त्यात यीस्ट, खालून हवा, आत फिरती रवी, आणि तीस तास तीस अंशांवर सांभाळायचं. त्या यीस्टच्या पोटात एक एन्झाइम तयार होतं. ज्या तान्ह्या बाळांना दूध पचत नाही त्यांच्या थेंबांत ते जातं. माझ्या चिऊनं पहिले सहा महिने तेच थेंब घेतले. तेव्हा मी इथे कामाला नव्हते, पण बाटलीवरचं कारखान्याचं नाव पाठ होतं.

यीस्ट वाढताना तापतं. पारा तेहतिसाच्या वर गेला की एन्झाइम नासतं. म्हणून टाकीभोवती पोलादी जाकीट आणि जाकिटातून खेळणारं थंड पाणी. तिन्ही घाण्यांत दुपारी दोनच्या सुमाराला पारा साडेपस्तीसपर्यंत चढला होता.

"बसा, मॅडम. माणूस सापडलाय," साहेब म्हणाले. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत तारेचा एक तुटलेला तुकडा होता. "मामा."

मामा म्हणजे चार नंबरचे पहिल्या शिफ्टचे ऑपरेटर. एकोणीस वर्षं त्याच टाकीपाशी. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो, साहेबसुद्धा.

"ते असं करणार नाहीत," मी म्हटलं.

"का नाही? तुमचा प्रोग्रॅम आल्यापासून त्यांना टाकीला हात लावायची बंदी. सगळ्यांसमोर म्हणाले होते ना, हे यंत्र महिनाभर टिकलं तर मिशी काढीन म्हणून? मिशी वाचवली त्यांनी."

थंड पाण्याच्या नळीवर हातानं फिरवायचा एक जुना व्हॉल्व्ह आहे. उजवीकडे फिरवला तर वरून पाणी बंद केलेलं असलं तरी सगळं थंड पाणी टाकीच्या अंगावर येतं, डावीकडे फिरवला तर टाकीला वळसा घालून परत जातं. महिन्यापूर्वी पाण्याचं काम प्रोग्रॅमकडे आलं तेव्हा तो मधोमध ठेवून तारेनं सील केला होता. मधोमध असला की त्याचं असून नसून सारखंच. तिसऱ्या घाण्याच्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी मीटरवाल्यानं मामांना त्या व्हॉल्व्हपाशी पाहिलं, हातात ही तार. दोन पाचला सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मामा नव्हते.

"पण पहिल्या दोन वेळी सील शाबूत होतं."

"तसली तार कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. शुक्रवारी चौकशी आहे. तुमच्या सिम्युलेशनवर, त्या कॉम्प्युटरमधल्या टाकीवर, पाणी तोडून दाखवा. पारा असाच चढतो, हे एका पानावर आलं की झालं."

माझं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. प्रोग्रॅम चालला तर कायम, नाही तर घरी. मामा दोषी ठरले की प्रोग्रॅम निर्दोष ठरत होता. हे साहेबांनी मला बोलून दाखवावं लागलं नाही.

२

मामांना निलंबित केलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेटसमोरच्या बसच्या शेडमध्ये बसलेले दिसले. इस्त्रीचा युनिफॉर्म, मांडीवर डबा.

"मामा, इथे काय करताय?"

"घरी सांगितलं नाही अजून. रोजच्या वेळेला निघतो, रोजच्या वेळेला पोचतो. मामी डबा देते, मी खातो." ते हसले. "चार महिने राहिलेत निवृत्तीला. इथे बसून काढले तर कुणाला कळतंय."

मी त्यांच्या शेजारी बसले. पर्समधला फोन हातात घेतला, बघितला, परत ठेवला. पाळणाघरातून कधी फोन येईल सांगता येत नाही. चिऊला सकाळी थोडी कणकण होती.

"शुक्रवारी तुम्हाला बोलावतील. मुद्दाम केलं असं ठरलं तर नुसती नोकरी जाणार नाही, प्रकरण पोलिसांत जाईल."

"माहितेय."

"मग काहीतरी बोला."

"घाणा मी मारला नाही. झालं बोलून."

"सील तोडलंत?"

"तोडलं."

"का?"

"हात शिवशिवले."

"व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवलात?"

मामांनी डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबलं. ते आधीच घट्ट होतं. "तुझ्या खोट्या टाकीला विचार की. तिला म्हणे सगळं कळतं."

माझ्या सिम्युलेशनला ते पहिल्या दिवसापासून खोटी टाकीच म्हणत आले होते. ती ना कधी गळते, ना कधी उतू जाते, म्हणायचे, चांगल्या घरची मुलगी आहे.

"ती म्हणते, कुणीतरी थंड पाणी तोडलं."

"मग कुणी तोडलं तेही तिलाच ठाऊक असेल."

मी उठले. रस्ता ओलांडणार तोच मागून हाक आली.

"आणि एक ऐक पोरी. दुपारवालीला यात ओढू नकोस. तिचा काही संबंध नाही."

दुपारवालीचा मी अजून उल्लेखही केला नव्हता.

३

दुपारवाली म्हणजे चार नंबरची दुसऱ्या शिफ्टची ऑपरेटर. चार नंबरवर शिफ्ट फिरत नाहीत. सहा ते दोन मामा, दोन ते दहा ती, दहा ते सहा रात्रीचा माणूस, आणि नवा घाणा नेहमी रात्री दहालाच लागतो. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हापासून हेच चालू आहे.

तिच्या आधी मी मीटरवाल्याला गाठलं. मीटर, सेन्सर, तारा सगळं त्याच्याकडे. तो शिडीवर चढून एक डबी उघडत होता.

"सेन्सर खोटं दाखवत असेल का?"

"तीन वेळा तपासला मॅडम. माणसं खोटं बोलतात, माझे सेन्सर नाही."

"मामांनी व्हॉल्व्ह कुठे फिरवला होता?"

तो शिडीवरून दोन पायऱ्या खाली आला. "खरं सांगू? मी घाबरलो. मामांना बाजूला केलं आणि व्हॉल्व्ह सरळ मधे आणला. उजवीकडे होता का डावीकडे, बघायचं सुचलंच नाही. साहेबांना सांगू नका. त्यांना मी डावीकडे म्हणून सांगितलंय."

"न बघता?"

"ते म्हणाले, डावीकडे होता ना? मी म्हणालो, हो साहेब."

दुपारवाली पॅनेलपाशी उभी होती. पॅनेल म्हणजे आता नुसता पडदा. आकडे दिसतात, बदलता येत नाहीत. तिच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग होता. मला तो लगेच दिसतो, माझ्याही खांद्यावर असतोच.

"मी दोनला आले, ताई," ती म्हणाली. "सगळं ठीक होतं. नंतर एकदम वाढलं. रजिस्टर बघा ना."

रजिस्टर बघितलं. तिन्ही दिवशी, एकाच अक्षरात, एकाच निळ्या शाईत: दोन वाजता, तीस अंश, ठीक. खाली तिची सही.

"मामा तुमच्या हातात टाकी देऊन गेले?"

"हो. म्हणजे, नेहमीसारखंच." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिथे बघण्याचं काही कारण नव्हतं.

टेबलावर येऊन मी कॉम्प्युटरमधली नोंद काढली. सेन्सर दर मिनिटाला पारा लिहून ठेवतो. दोन वाजता पहिल्या घाण्यात साडेबत्तीस, दुसऱ्यात बत्तीस सहा, तिसऱ्यात बत्तीस चार. एकाही दिवशी तीस नाही.

कुणीतरी पडद्याकडे न बघताच तीस लिहिलं होतं.

४

गुरुवारी सकाळी नवरा चिऊच्या बुटाचा पट्टा लावत म्हणाला, "अगं, त्यांना हवं ते एक पान दे आणि मोकळी हो. मामा आज ना उद्या घरी बसणारच आहेत."

"बसणं वेगळं आणि बसवणं वेगळं."

"बरोबर आहे तुझं. मी फक्त म्हटलं." त्यानं चिऊला उचललं. तो वाईट माणूस नाही. तोही माझ्यासारखाच महिनाअखेरीकडे बघत होता.

ऑफिसात जाऊन मी ते एक पान काढायलाच बसले. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

खोटी टाकी म्हणजे नुसती गणितं. यीस्ट तासाला किती साखर खातं, किती हवा ओढतं, किती तापतं, जाकिटातलं पाणी त्यातली किती उष्णता घेऊन जातं. खऱ्या टाकीच्या दोन वर्षांतल्या बासष्ट घाण्यांचे आकडे घालून मी ती गणितं जुळवत आणली होती. तीस तासांचा घाणा तिथे चाळीस सेकंदांत होतो.

त्या आकड्यांत मला एक गंमत सापडली होती. सोळाव्या तासाला, पॅनेलवरून पाणी तेवढंच चालू असताना, पारा अर्धा तास एक अंशानं उतरायचा. मी अर्थ लावला की साखर संपत येते आणि दुसऱ्या अन्नाकडे वळण्याआधी यीस्ट थोडं थांबतं. पुस्तकांत असं थांबणं दिलेलं आहे. मग गणितात एक नवा गुणक घातला, सतरावा. त्याला आम्ही 'दम' म्हणायचो. यीस्ट दम खातं. त्या दमावर मला टाळ्या मिळाल्या, आणि त्याच्याच जोरावर प्रोग्रॅम टाकीवर चढला. दम खाणाऱ्या यीस्टला थंड पाणी कशाला? म्हणून त्या अर्ध्या तासात प्रोग्रॅम पाणी जवळजवळ बंद करायचा. तेवढा वेळ पारा थोडा हलला तरी घाबरू नकोस, असंही त्याला मीच लिहून दिलं होतं.

आता मी खोट्या टाकीत पावणेदोनला व्हॉल्व्ह पूर्ण डावीकडे फिरवला. पाणी साफ तोडलं. चाळीस सेकंद.

पारा एकतीस पूर्णांक दोनवर जाऊन थांबला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. आणि ते तसंच व्हायला हवं होतं. दम खाणारं यीस्ट तापतच नाही, मग पाणी तोडून पारा चढेल कसा? माझं मॉडेल खरं असेल तर मामांनी दिवसभर पाणी तोडून ठेवलं तरच घाणा मेला असता. अर्ध्या तासात साडेपस्तीस होणं शक्य नव्हतं.

मी सतरावा गुणक शून्य केला. दम नाही. कुणाचा हात नाही. फक्त माझा प्रोग्रॅम पावणेदोनला पाणी बंद करतोय, आणि यीस्ट न थांबता तापतंय.

पडद्यावर उमटलेली रेघ पहिल्या दोन घाण्यांच्या रेघेवर इतकी बरोबर बसली की खालची दिसेना. तिसऱ्या घाण्याची रेघ तेवढी वेगळी होती. तिथे पारा दोन वाजून आठ मिनिटांनी कड्यावरून पडावा तसा उतरला होता, प्रोग्रॅमनं पाणी परत सोडण्याच्या सात मिनिटं आधी. खोट्या टाकीत मी आठ मिनिटांनी व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला. रेघ जुळली.

मामांनी पाणी सोडलं होतं. बस चुकवून, सील तोडून, मेलेल्या घाण्यावर पाणी सोडलं होतं.

घाणे मारणारा सापडला होता. तो माझ्याच खुर्चीत बसला होता.

५

पण मग साठ घाण्यांत तो उतार आला कुठून? यीस्ट थांबत नसेल तर पारा का उतरायचा?

साठच, कारण बासष्टांतले दोन घाणे मीच बाजूला टाकले होते. असं करावं लागतं. आकडे जुळवताना जे फारच वेडेवाकडे असतात त्यांना वगळतात. एकेचाळीस नंबरसमोर मी लिहिलं होतं: वीज गेल्यामुळे उशिरा सुरू, डेटा अविश्वसनीय. बावन्न नंबरसमोर: सेन्सर खराब असावा.

एकेचाळीस उघडला. त्या रात्री चार तास वीज नव्हती, दहाच्या जागी घाणा दोनला लागला. त्यातही उतार होता, फक्त सोळाव्या तासाला नाही. बाराव्या तासाला. बाराव्या तासाला टाकीत भरपूर साखर असते, थांबायचं यीस्टला काही कारणच नसतं.

आम्ही घाण्याचं वय मोजतो. सुरू झाल्यापासून पहिला तास, दुसरा तास. सगळे आलेख तसेच असतात, भिंतीवरचं घड्याळ त्यांत कुठेच नसतं. मी वहीच्या कोपऱ्यात बोटं मोजत बेरीज केली. रात्री दहा आणि सोळा तास, दुपारचे दोन. पहाटेचे दोन आणि बारा तास, दुपारचे दोन.

यीस्टला घड्याळ कळत नाही. माणसाला कळतं.

बावन्न नंबरची तारीख काढली आणि हजेरीपटाशी ताडून पाहिली. मामा त्या आठवड्यात रजेवर होते. त्या घाण्यात उतार नव्हता, उलट दोन वाजता पारा दीड अंश वर जाऊन परत आला होता. सेन्सर शहाणा होता. मीच त्याला खराब म्हटलं होतं.

म्हणजे दोन वर्षं, रोज पावणेदोनला, मामा हाताचा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवत होते. त्या व्हॉल्व्हला मीटर नाही, म्हणून त्याची कुठे नोंद नाही. नियमात बसत नाही, म्हणून त्यांनी लिहिलं नाही. त्यांच्या हाताला मी यीस्टचा स्वभाव समजले होते.

पण पावणेदोनलाच का?

दोन वाजत आले होते. मी उठून गेटबाहेरच्या पाळणाघरात गेले. दुपारच्या सुट्टीत मी रोज चिऊला भरवायला जाते. कपाळाला हात लावला, गार होतं. मी केळं सोलत होते तेव्हा दारात रडणं ऐकू आलं.

दुपारवाली आली होती. तिची मुलगी तिच्या ओढणीला दोन्ही मुठींनी लटकली होती.

"सोड ना बाळा, आईला उशीर होतोय. मावशी, घ्या हो हिला."

"दोनच्या आधी घेता येत नाही म्हणून सांगितलंय ना," पाळणाघराच्या मावशी म्हणाल्या. "सकाळची पोरं गेल्याशिवाय जागा कुठून आणू? रोज तेच."

रोज तेच. मुठी सोडवायला पाच मिनिटं. दाराआड उभं राहून रडणं थांबायची वाट बघायला पाच. गेटपर्यंत धावत, कपडे बदलून टाकीपाशी जायला दहा. दोन वर्षं मी हे समोर बसून बघत होते. आपल्या मुलीला डोळ्यांत तेल घालून जपणारी मी, दुसरीच्या मुलीचं रडणं रोज ऐकत होते आणि घड्याळाकडे बघत नव्हते.

दोन पाचला मामांची बस. दोन वीसला ती. मधली पंधरा मिनिटं टाकीपाशी कुणी नाही. म्हणून निघायच्या आधी मामा एक अंशाची थंडाई टाकीला देऊन जायचे, तिला पुरेल एवढी. आल्यावर ती व्हॉल्व्ह मधे आणायची आणि रजिस्टरात लिहायची: दोन वाजता, तीस, ठीक.

तिनं मला बघितलं. माझ्या तोंडावर सगळं दिसत असणार, कारण ती दारातच थांबली.

"ताई," ती म्हणाली, "मला दुसरं कुणी नाहीये हिला सांभाळायला."

६

शुक्रवारी अकराला चौकशी बसली. लांब टेबल. मधे साहेब, शेजारी मुख्य कार्यालयातून आलेले दोन जण, समोर मामा. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर मीटरवाला आणि दुपारवाली. तिची शिफ्ट नव्हती, साक्षीसाठी बोलावलं होतं. मुलीला कुठे ठेवून आली होती कोण जाणे.

मी चार आलेख लावले आणि सांगितलं. दम नावाची गोष्ट नाही. पाणी प्रोग्रॅमनं बंद केलं, आणि प्रोग्रॅमला ते मी शिकवलं. पाणी तोडल्यानं घाणा मरेल, हे आणि माझं मॉडेल, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. मामांनी व्हॉल्व्ह उजवीकडेच फिरवला होता.

"डावीकडे होता," साहेब म्हणाले. "साक्षीदार आहे."

मीटरवाला उठून उभा राहिला. खाली बघून म्हणाला, "साहेब, मी बघितलंच नव्हतं."

मुख्य कार्यालयातल्या बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे चूक सिम्युलेशनची आहे, असं तुम्ही स्वतःच सांगताय?"

"हो. एकेचाळीस नंबरचा घाणा मी टाकून दिला नसता तर महिन्यापूर्वीच कळलं असतं."

मला वाटलं, संपलं. पर्समधल्या फोनची आठवण झाली, घराची आठवण झाली, आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

मग बाईंनी मामांकडे बघून विचारलं, "पण तुम्ही रोज पावणेदोनला व्हॉल्व्ह का फिरवत होता? टाकी दुसऱ्या शिफ्टच्या हातात देऊनच जायचं असतं ना?"

दुपारवालीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. अगदी तिच्या मुलीसारखं.

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, मला अजून नक्की माहीत नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती. टाकीजवळ कुणी चुकीच्या पाइपला हात लावायला गेलं की ते जसे बघायचे, तसं बघितलं.

"बस पकडायची असायची," मामा म्हणाले. "पुढची जागा मिळावी म्हणून दहा मिनिटं आधीच निघायचो. टाकी तापू नये म्हणून पाणी सोडून जायचो. ही पोरगी वेळेवर यायची, पण मी तिच्यासाठी थांबायचो नाही."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"नोंद न करता?"

"नोंद केली असती तर तेव्हाच पकडला गेलो असतो की."

बाईंनी लिहून घेतलं. दुपारवालीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिनं तोंड उघडलं नाही. मीही नाही.

घातपाताचा आरोप मागे घेतला गेला. टाकी सोडून जाणं आणि दोन वर्षं बेकायदा व्हॉल्व्ह फिरवणं, एवढ्यावर मामांना त्याच दुपारी काढून टाकलं. निवृत्ती नाही. निरोप नाही. आतल्या लॉकरमधला पंचा आणि चष्म्याची जुनी डबी मीटरवाल्यानं गेटवर आणून दिली.

७

माझ्या बाबतीत वेगळंच झालं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. मी सामान आवरायच्या तयारीनं गेले होते.

"तो पावणेदोनचा उतार," ते म्हणाले. "तुमच्या त्या साठ घाण्यांत एन्झाइम चांगलं मिळत होतं. बावन्नमध्ये उतार नव्हता तर कमी मिळालं. हे लक्षात आलं का तुमच्या?"

आलं होतं. खोट्या टाकीवर मी शनिवारी बसून पाहिलं होतं. त्या सुमाराला एक अंश उतरवलं की यीस्ट शांतपणे जास्त एन्झाइम तयार करतं. मामांना हे माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक होतं.

"मग प्रोग्रॅमलाच सोडू द्या पाणी. रोज. तुम्ही चूक प्रामाणिकपणे शोधलीत, वरच्या बाईंना आवडलं." त्यांनी एक पाकीट पुढे सरकवलं. माझं कायम नेमणुकीचं पत्र.

मी ते घेतलं. नाही म्हणावं असं क्षणभर मनात आलं, पण चिऊचं पाळणाघर आठवलं, आणि हात आपोआप पुढे गेला. सतरावा गुणक मी नुसता खोडून सोडला नाही. त्याच्या जागी नवी ओळ लिहिली. आता पावणेदोनला कुणी नसलं तरी पाणी सुटतं. दुपारवाली दोन वीसला येते, आणि टाकीला ती हवी असतेच असं नाही. हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी सांगितलेलं नाही. ती मला पाळणाघरात भेटते, पण आता ताई म्हणत नाही.

मामा अजूनही शेडमध्ये बसतात. घरी अजून सांगितलेलं नाही. चार महिने पुरे झाले की निवृत्त झालो म्हणून सांगणार आहेत. एका दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. माफी मागायला गेले होते.

"पावणेदोनला सोडतं का गं पाणी?" त्यांनीच विचारलं.

"सोडतं, मामा."

"किती उतरवतं?"

"एक अंश."

"उन्हाळा लागला की दीड उतरवावं. एक पुरत नाही. यीस्टचाही जीव कासावीस होतो." मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. "जा, तुझी पोर वाट बघत असेल."

मी वर गेले आणि एकाच्या जागी दीड केला.

त्या महिन्यात चार नंबरनं आजवरचं सर्वांत जास्त एन्झाइम दिलं. खालच्या फळ्यावर साहेबांनी खडूनं तो आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे माझं नाव. येता-जाता सगळे बघतात. मी त्या जिन्यानं जायचं सोडलं आहे.